मीटर कोणाच्या नावचं?

फोन शिलाई मशीनच्या फळीवर ठेवला होता आणि तो सारखा थरथरत होता. एका ब्लाउजची बाही लावायची राहिली होती, गिऱ्हाईक येऊन बसायच्या बेतात होतं, म्हणून मी आधी लक्षच दिलं नाही. शेवटी तो थरथरत फळीच्या कडेला आला आणि खाली पडला. उचलून बघते तर मेसेजवर मेसेज. प्रत्येकात एक वेगळं नाव, सहा आकडे आणि खाली एकच मजकूर: नवीन प्रीपेड मीटर बसवण्यास आपली संमती असल्यास हा क्रमांक आमच्या प्रतिनिधीला सांगावा.

माझं डोकं तिथंच फिरलं. मे महिना होता, आणि आमच्याकडे मे महिन्यात डोकं फिरायला फारसं काही लागतही नाही.

"रत्ने! ओ रत्ने!" भिंतीपलीकडून बेबी ओरडली. "तुह्या मोबाइलवर माहा नंबर आला काय वं? साहेब मांगून राह्यले!"

"कोणता साहेब?"

"मीटरवाला! ये ना बाहीर!"

आमच्या ओळीत एक रीत पडून गेली होती आणि ती माझ्या डोक्यावर बसली होती. घरोघरी मोबाइल होते, पण ते पुरुषांच्या खिशात. ते कामाला गेले की मोबाइलही गेला. त्यात नवीन स्कीम आली की सिम बदलायचं, बॅलन्स संपला की नंबर मरायचा. माझा नंबर मात्र लग्नापासून एकच. म्हणून गॅस असो, रेशन असो, दवाखान्याचा केसपेपर असो, ओळीतल्या बाया बिनदिक्कत माझा नंबर ठोकून द्यायच्या. मला विचारायची पद्धत नव्हती. मग भर दुपारी मेसेज यायचा आणि मी भिंतीवरून ओरडायची, "कौसल्ये, सिलिंडर निघाला तुहा, घरी राय!" शिव्याही घालायची. त्या हसायच्या आणि पुढच्या ठिकाणी पुन्हा माझाच नंबर द्यायच्या. कधीतरी रीडिंग घेणाऱ्याने मोबाइल नंबर मागितले असणार आणि सगळ्यांनी माझाच सांगितला असणार. त्यामुळे त्या दिवशी अख्ख्या ओळीची संमती माझ्या हातात येऊन पडली होती.

मी बाहेर आले. गल्लीच्या तोंडाशी एक टेम्पो उभा, त्यात खोकी. ओळीला वीज देणाऱ्या डीपीच्या पेटीपाशी शिडी लावून एक वायरमन उभा. आणि बेबीच्या दारात कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस, गळ्यात फोटोचं ओळखपत्र, हातात टॅब. वीज कंपनीने मीटर बदलायचा ठेका दिलेल्या लोकांचा तो सुपरवायझर. नाव ठोसर. त्याच्या शेजारी बेबीचा नवरा गजू, पांढऱ्या कपड्यांत. गजू आमच्या वस्तीचा पुढारी होता, म्हणजे पुढाऱ्यांच्या मागे चालायचा. मीटरमागे त्याला काहीतरी मिळणार होतं हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

"ताई, या ओळीतल्या सगळ्या ग्राहकांचा मोबाइल नंबर एकच दाखवतोय," ठोसर म्हणाला. "तुमचाच ना?"

"हाव, माहाच."

"मग काम सोपं झालं. आलेले नंबर भराभर सांगा, दुपारपर्यंत ओळ उरकते."

"उरकते म्हंजे? आमी काय पंगतीले बसलो काय?"

बाया हसल्या. तोही हसला, पण ओठांनीच.

"नवीन मीटर आहे, ताई. एक पैसा लागत नाही."

"जुनं बिघडलं काय?"

"जुनं बंदच होणार आहे. सगळीकडे होतंय."

"तसं लिवून आणलं काय?"

"रत्नावहिनी, कायले वाद घालून राह्यले?" गजू मध्ये पडला. "जग कुठं चाललं, तुमी कुठं. मोबाइलसारखं मीटर हाय. पैसे टाका, लाइन वापरा."

"अन् पैसे सरले की?"

"पुन्यांदा टाका!"

पैसे सरले की काय होतं ते मी बघितलं होतं. मागच्या ओळीत ती मीटरं लागून महिना झाला होता. दुर्गाबाईची मुलगी बाळंतपणाला आलेली, आणि ऐन दुपारी घरातली लाइन आपोआप गेली. ना कोणी आलं, ना कोणी सांगितलं. दुर्गाबाई धावत माझ्याकडे आली. मी माझ्या फोनवरून पैसे भरले. ते माझ्याकडून गेले, पण तिच्याकडे लाइन काही आली नाही. तक्रारीच्या नंबरवर फोन लावला तर एक मुलगी गोड आवाजात तेच तेच बोलत राहिली. मी तिला काय काय बोलले! मग लक्षात आलं की ते रेकॉर्ड केलेलं आहे. लाइन दुसऱ्या दिवशी आली, तोवर ते बाळ ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं.

मला भांडायला येतं. दुसरं फार काही येत नाही, पण भांडायला येतं. इतकी वर्षं लाइन तोडायला मडावी लाइनमन यायचा. मी उंबऱ्यावर उभी राहायची, आवाज चढवायची. तोही चढवायचा. मग तो चहा घ्यायचा आणि "परवा येतो, तयार ठेवा" म्हणून शिडी उचलून जायचा. त्या परव्यापर्यंत काहीतरी जमायचं. पण भांडायला समोर माणूस लागतो. त्या नव्या मीटरपुढे मी उंबऱ्यावर उभी राहून करणार काय?

आणि माझ्या घरात लाइन जाऊन चालण्यासारखं नव्हतं. घरात भागरताबाई होती, माझी सासू.

तिने उभं आयुष्य कोळसा वाहिला आणि घरी येऊन कोळशाच्याच सिगडीवर स्वयंपाक केला. छातीचा पार भाता होऊन गेला होता. दवाखान्याने ऑक्सिजनचं मशीन घरी वापरायला दिलं होतं. ते भिंतीतल्या विजेवर चालायचं, हवेतून ऑक्सिजन काढायचं आणि नळीने तिच्या नाकात सोडायचं. रात्रंदिवस त्याची घरघर चालू. ती घरघर थांबली की बुढीची सुरू व्हायची. लाइन गेली तर लावायला एक छोटा सिलिंडर होता. तो आदल्या दिवशी भरायला टाकला होता आणि भरून आला नव्हता.

आमचं दोघींचं कधी पटलं नाही. माझा नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. बाकी दिवस आम्ही दोघी आणि मध्ये ते मशीन. माझ्या हातचा वरण-भात तिला पाणचट लागायचा, माझ्या शिलाई मशीनच्या आवाजाने तिचं डोकं उठायचं. आणि प्रत्येक भांडण एकाच ठिकाणी येऊन थांबायचं. ती बाजेवरून म्हणायची, "मीटर कोणाच्या नावचं हाय?"

घर अतिक्रमणातलं, त्याला कागद नाही. रेशनकार्डावर मुलाचं नाव. तिच्या नावावर जगात एकच गोष्ट होती, दारापाशी भिंतीवर लावलेलं ते काळं मीटर. भागरताबाई निमगडे. बिलावर तसं छापून यायचं आणि ती बिल उशीखाली ठेवायची. मी नावबदल करू म्हटलं की तिचा आवाज चढायचा. "मीटर तुह्या नावचं झालं का तू मले बाहीर काढशीन," असं ती तोंडावर बोलायची. मलाही राग यायचा. मी म्हणायची, मला काढायचंच असतं तर मीटरने अडवलं असतं का?

तर गल्लीत मी ठोसरला सरळ सांगितलं, "मी नंबर देत नाई. कोणाचाच."

"तुमचा तुम्ही नका देऊ, ताई. बाकीच्यांचा अडवायचा तुम्हाला अधिकार काय?"

त्याचं बरोबर होतं, आणि समोरच्याचं बरोबर असलं की माझा आवाज चढतो. "ज्याले पाह्यजे त्यानं माह्याजवळ येऊन मांगावं. आधी दुर्गाबाईच्या घरी जाऊन यावं अन् मंग मांगावं."

ठोसरने टॅब बंद केला आणि वायरमनकडे बघून मान हलवली. वायरमनने डीपीतला फ्यूज काढला. ओळीतले सगळे कूलर एकदम थांबले. आधी मला ती शांतता कळलीच नाही. मग आतून माझ्या घरातल्या मशीनची शिट्टी ऐकू आली. लाइन गेली की ते शिट्टी मारायचं.

"मीटर बदलायचं तर लाइन बंद ठेवावीच लागते," ठोसर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "जितके नंबर लवकर, तितकी लाइन लवकर. आता ते ताईंच्या हातात आहे."

ते वाक्य त्याने फार सफाईने टाकलं. पाच मिनिटांत अख्खी ओळ माझ्या दारात होती. पत्र्याची घरं, वरून सूर्य, कूलर बंद. आमच्या वस्तीसमोरच वीजकेंद्राच्या धुराच्या चिमण्या दिसतात. वीज तिथं तयार होते आणि राख आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते. ज्यांच्या सिलिंडरचे निरोप मी वर्षानुवर्षं ओरडून सांगितले त्याच बाया मला ओरडायला आल्या होत्या.

"पोट्टं तापानं फणफणून राह्यलं माह्यं! दे ना नंबर!"

"मोठी आली पुढारीण!"

"माह्या मेसेजवर तुहा काय हक्क?"

"मंग कायले देत होत्या माहा नंबर?" मीही ओरडले. "मले विचारून दिला होता काय?"

बेबी सगळ्यात पुढे होती. गजूची बायको म्हणून तिला तसं पुढे राहणं भागच होतं. तिने सरळ माझ्या हातातल्या फोनला हात घातला. मी सोडला नाही. तिने माझा पदर ओढला, मी तिची वेणी धरली. दोन संसारी बाया, भर गल्लीत. शेवटी फोन खाली पडला, तिने उचलला आणि स्वतःच्या नावाचे सहा आकडे मोठ्याने वाचून दाखवले. मग फोन माझ्या अंगावर फेकला.

"घे तुहं सोनं," ती म्हणाली.

बेबीचं मीटर निघालं. ठोसरने तिला भिंतीपाशी उभं केलं. "वहिनी, मीटरकडे हात करा, थोडं हसा. जुन्या मीटरशेजारी एक फोटो, नव्याशेजारी एक. ज्याच्या नावावर मीटर त्याचा चेहरा दिसला पाहिजे. फोटो थेट वर जातो, त्यावर वेळ, जागा, सगळं छापून येतं. नंतर कोणी नाही म्हणू शकत नाही." बेबीने केस सारखे केले आणि हसली. वेणी मी ओढली होती, तरी हसली.

मी आत गेले. भागरताबाई बाजेवर उठून बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पुढे वाकून. नळी नाकात तशीच, मशीन बंद. दर श्वासाला तिचे खांदे वर उचलले जात होते. ओठांचा रंग जांभळट व्हायला लागला होता. मी पदराने वारा घालायला लागले.

"नको... घालू," ती म्हणाली. "तुह्या वाऱ्यानं... काय होते."

मरायला टेकली तरी जीभ तीच. मी तशीच बाहेर धावले.

"लाइन चालू करा! माह्या घरी मशीनवरचा पेशंट हाय!"

ठोसर दुसऱ्या खोक्यातून मीटर काढत होता. "मघाशी नाही सांगितलंत ते?"

"आता सांगून राह्यली ना!"

"मग नंबर सांगा. तुमच्या घरापासून सुरू करतो, तुमची लाइन पहिली जोडतो."

"अन् त्या मीटरातले पैसे सरले की? दुपारच्याले? मी बाजारात असन तवा?"

"वेळेवर भरायचे, ताई. सगळं जग भरतं."

"आधी फ्यूज लावा!"

"नंबर."

मी फोन उघडला. हात घामाने ओला, काचेवर बोट लागेना. भागरताबाईच्या नावाचा मेसेज सापडला. सहा आकडे डोळ्यांपुढे होते आणि आतून तिचा खोकला ऐकू येत होता. आता नंबर दिला तर ती आज वाचते, आणि पुढच्या महिन्यात कुठल्यातरी दुपारी, कोणी दाराशी न येता, मशीन शिट्टी मारतं. ठोसरने टॅब पुढे केला. मला त्याचा इतका तिरस्कार वाटला की मी दात ओठ खात उभी राहिले. पण नंबर सांगायला तोंड उघडलं होतं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात गजू ठोसरच्या कानाशी लागला. "साहेब, ह्यांच्या घरचं मीटर ह्यांच्या नावचं नाई. बुढीच्या नावचं हाय. बुढीचं अन् हिचं ईळा-भोपळ्याचं हाय. तिलेच विचारा ना."

ठोसरचा चेहरा खुलला. "मग नंबराचं कामच नाही. ग्राहक म्हातारा, आजारी असेल तर नुसता फोटो पुरतो." आणि तो चपला न काढता माझ्या घरात शिरला. मागे गजू, मागे बेबी, मागे सगळी ओळ.

"आजी, मीटर तुमच्या नावाचं आहे ना?"

भागरताबाईने मान वर केली. हा प्रश्न तिला पहिल्यांदाच दुसऱ्या कोणीतरी विचारला होता.

"हाव," ती म्हणाली. "माह्या... नावचं."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो. तुमच्या सूनबाई ऐकत नाहीत."

"ते कोणाचंच... ऐकत नाई. माह्यं त... कधीच नाई."

गजू मोठ्याने हसला. मी दाराला टेकून उभी होते आणि मला वाटलं, संपलं. हिला माझी जिरवायची याहून चांगली संधी उभ्या जन्मात मिळणार नाही.

"मग काढायचा फोटो, आजी?"

"काढा की. पन अठी... अंधार हाय. बाज बाहीर घ्या."

"आत्याबाई, बाहीर ऊन कसं हाय, पाहा तरी!" मी ओरडले. "काय करून राह्यले तुमी?"

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मीटर... कोणाच्या नावचं?"

चौघांनी बाज उचलली. "मशीन बी घ्या," ती म्हणाली.

"ते कशाला, आजी? बंद आहे ते," ठोसर म्हणाला.

"घ्या म्हन्लं... ना."

बाज दाराबाहेर मीटरखाली ठेवली. मशीन शेजारी स्टुलावर. नळी तिच्या नाकात तशीच आणि दुसरं टोक त्या बंद मशीनला. ऊन थेट तोंडावर येत होतं. मी पदर धरून सावली करायला गेले तर तिने हाताने मला दूर सारलं. ठोसरने टॅब वर धरला.

"आजी, मीटरकडे हात करा."

तिने हात मशीनकडे केला. "हा दिवा... दिसते काय?"

"कोणता?"

"मशीनचा. हिरवा. जळते काय?"

"नाही, आजी. लाइन बंद आहे ना."

"कोणं केली?"

ठोसरने डीपीकडे बघितलं.

"ते बी येते काय... फोटूत?" तिने मोठा श्वास ओढला. तो श्वास सगळ्या गल्लीला ऐकू आला. "मघा तूच बोल्ला. बेबीले. मी आतून ऐकलं. फोटूत येळ येते. जागा येते. वर जाते... कोणी नाई म्हनू शकत नाई."

"आजी, फक्त मीटर आणि तुम्ही..."

"तू बी ये. मशीनजवळ... उभा राय. तुह्यं नाव गळ्यात हाय. ते नीट दिसू दे." मग तिने गजूला शोधलं. "गजू. तू बी ये, बाबू. इलेक्शनात... दाखवाले होईन."

गजू हसायला गेला, पण हसू काही बाहेर पडलं नाही. तो दोन पावलं मागे सरकला.

ठोसरने टॅब खाली घेतला. त्याचा शर्ट आता पाठीला चिकटला होता. "आजी, असं करू, मशीन जरा बाजूला ठेवू. आणि ती नळी काढा, फोटोपुरती. मिनिटाचं काम आहे."

"नाई."

"अहो, फक्त फोटोपुरती..." म्हणत त्याने हात पुढे केला. नळीला तो लागलाही नव्हता.

"ए!" बेबी ओरडली. मी नव्हे, बेबी. "नळी काढतो? बुढीले मारतो काय रे?"

"वहिनी, मी फक्त..."

"होठं पाह्य तिचे! निळे पडून राह्यले, अन् हा फोटू काढाले बसला!" तिने माझ्या हातातून फोन हिसकावून घेतला. त्या दिवशी दुसऱ्यांदा. या वेळी मी धरून ठेवला नाही. तिने तो ठोसरच्या तोंडापुढे धरला. "थांब, मीच काढतो फोटू. तुहा, मशीनचा, अन् त्या डीपीवाल्याचा. हास ना आता! मले हासवत होता ना?"

मग सगळ्याच सुटल्या. जो राग मघापासून माझ्या दारात उभा होता तो जागचा हलला आणि ठोसरकडे वळला. कौसल्येने टेम्पोच्या चाव्या काढून घेतल्या. कोणीतरी शिडी धरून ठेवली. ठोसर काहीतरी नियमाचं बोलत होता, त्याला ऐकायला कोणी उरलं नव्हतं. शेवटी गजूच डीपीकडे बघून ओरडला, "लाव ना बे फ्यूज! काय पाहून राह्यला?"

फ्यूज लागला. घराघरांतून कूलर घरघरायला लागले. आम्ही बाज आत घेतली, मी मशीनची पिन लावली. शिट्टी वाजली, हिरवा दिवा लागला. भागरताबाई डोळे मिटून पडली. तिच्या ओठांचा रंग परत यायला बराच वेळ लागला. तोवर बाहेर टेम्पो सुरू झाल्याचा आणि गेल्याचा आवाज आला. "पुन्हा येऊ," असं ठोसर म्हणाल्याचं नंतर कोणीतरी सांगितलं.

बाया एक एक करून गेल्या. बेबीने फोन शिलाई मशीनच्या फळीवर आणून ठेवला आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. घरात आम्ही दोघीच राहिलो. मला तिचा इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं.

"मेल्या असत्या म्हंजे?" मी म्हणाले.

तिने डोळे उघडले नाहीत. "मंग मीटर... तुह्या नावचं झालं असतं," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. आमच्यात त्यानंतरही काही बदललं नाही. वरण पाणचटच राहिलं. फक्त पावसाळ्यात एकदा बेबीच्या नव्या मीटरातले पैसे संपले, आणि गजू गावात नव्हता. तिच्या घरात अंधार, पोट्टे रडत होते. ती भिंतीपाशी येऊन उभी राहिली, पण तोंडाने काही बोलेना. मीही बोलेना. तेव्हा आतून बाजेवरून आवाज आला, "वायर टाकून दे तिले. मीटर माह्या नावचं हाय." मी भिंतीवरून वायर टाकली. ती किती दिवस तशीच लोंबत होती ते काही विचारू नका.

भागरताबाई एका हिवाळ्यात गेली. पहाटे, झोपेत, मशीन चालू असताना. हिरवा दिवा लागलेला होता. उशीखाली बिलं सापडली, ती मी टाकून दिली नाहीत. नवरा दर वर्षी म्हणतो की मीटर तुझ्या नावावर करून घेऊ. मी हो म्हणते आणि जात नाही.

मध्यंतरी कंपनीतून फोन आला. या वेळी रेकॉर्ड केलेली नव्हती, खरीखुरी मुलगी होती.

"भागरताबाई निमगडे बोलताय का? तुमच्या मीटरसाठी संमती हवी होती."

"त्या फोनवर बोलत नाई," मी म्हणाले. "फोटू काढाले पाठवा कोणाले तरी. गळ्यातलं नाव दिसन असं घालून याले सांगा."

अजून कोणी आलेलं नाही.